माडाचे दोन हीर

फालेउता गावात त्या काळी दिवस उजाडला हे कोंबड्यांच्या आधी ठोक्यांवरून कळायचं. बायका तुतीची ओली साल ओंडक्यावर पसरून लाकडी मोगरीने बडवायला बसत. एका घरी ठोका पडला की शेजारच्या घरी दुसरा, आणि बघता बघता सगळं गाव ठोकू लागे. कोणता हात कोणाचा, हे लोसालिनेला अंथरुणातून ओळखू यायचं. मेलेनाइटे आजीचा ठोका दमेकऱ्याच्या श्वासासारखा, मध्येच अडकणारा. चर्चच्या पाळकांच्या बायकोचा घाईचा, चुलीवर काहीतरी उतू जात असल्यासारखा. आणि परसापलीकडून, नणंदेच्या घरातून येणारा सेलाचा ठोका सरळ, एकसारखा. तो चुकला तर सूर्य उगवायचा राहील असं वाटावं, असा.

आता वावाउ द्वीपसमूहातल्या त्या बेटावर सालीचं कापड करणारी चार घरंही उरली नाहीत. पण ही गोष्ट तेव्हाची आहे.

सेला म्हणजे लोसालिनेच्या नवऱ्याची, सातेकीची, थोरली बहीण. विधवा, मुलगी ऑकलंडला दिलेली. भावाच्या घरात बहिणीचा शब्द शेवटचा. सातेकी तिच्यासमोर आवाज चढवत नसे, ती निजायची त्या खोलीत पाऊल टाकत नसे, तिच्या अंगदुखीची चौकशीसुद्धा बायकोमार्फत करी. भावाची ही तऱ्हा, तर भावजयीची काय कथा! लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी सेलासमोरून जाताना लोसालिने कंबरेत वाकून जायची.

सासू वारली तेव्हा तिचे ठसे मागे राहिले. सुकवलेल्या केवड्याच्या पानांच्या पाटीवर माडाचे हीर काथ्याने शिवून केलेले जुने ठसे, कोणता फुलांच्या माळेचा, कोणता माशांचा. कमानदार लांब फळीवर ते बांधायचे, वर साल पसरायची, खळ लावायची, दुसरी साल चिकटवायची आणि कोका झाडाच्या तांबड्या रंगात बुडवलेल्या बोळ्याने घासायचं. खालचे हीर कापडावर उमटत जातात. ठसे बांधणारीचा हात चांगला तर नक्षी चांगली. तो मान खरा सेलाचा. पण तिची बोटं आखडली होती, म्हणून सहा वर्षांपूर्वी तिने ते गाठोडं भावजयीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आईच्या ठशांना आता तुझे हात. देवच बघून घेईल."

त्या एका वाक्यावर लोसालिनेने सहा वर्षं काढली. प्रत्येक कापड झालं की ती नणंदेच्या तोंडाकडे बघायची. सेला एखादी तिरकी रेघ शोधून काढायची, त्यावर बोट ठेवायची आणि काही न बोलता पुढे जायची.

त्या वर्षी वादळात उडालेल्या चर्चचं छप्पर नव्याने चढलं होतं. व्यासपीठामागची पांढरी भिंत उघडी दिसत होती. तिथे टांगायला गावातल्या सगळ्या बायकांनी मिळून एक मोठं कापड करायचं ठरवलं. दिवस मंगळवारचा धरला.

सोमवारी दुपारी लोसालिनेने गाठोडं सोडलं तर फुलांच्या माळेच्या ठशाची शिवण उसवलेली. दोन हीर लोंबत होते. रीत अशी की पाटी रात्रभर भिजत घालायची, मऊ झाली की सगळी शिवण उकलून पुन्हा घालायची. म्हणजे काम एक दिवस पुढे गेलं असतं. म्हणजे ते सेलाला सांगावं लागलं असतं. सेला काय म्हणाली असती, तेही लोसालिनेला तोंडपाठ होतं. तिने कोरड्या पाटीवरच तीन टाके मारले आणि ठसा गाठोड्यात परत ठेवला. चाळीस हात कापडात कोण बघतं!

मंगळवारी सकाळी फळीच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या. चहा झाला, कडक बिस्किटं चहात बुडवून झाली. घासायला सुरुवात झाली तशा जिभाही सुटल्या.

"खळ किती पातळ केलीस गं? ही काय तान्ह्या बाळाची पेज आहे?"

"माझी पेज बरी. तुझ्या खळीत मागच्या वेळी आख्खा कसावा निघाला होता. त्याला डोळे फुटायचे तेवढे राहिले होते."

"मेलेनाइटे आजी, घासा हो. हात थांबला तुमचा."

"मी प्रार्थना करतेय."

"घोरत प्रार्थना करताय!"

सगळ्या हसल्या. सेलासुद्धा हसली. ती खुर्चीत बसून देखरेख करत होती, कारण तिचा उजवा पाय फडक्यात गुंडाळलेला होता. तीन आठवड्यांपूर्वी ओहोटीला शिंपले गोळा करताना धारदार शंख पायात गेला होता. साखरेचं दुखणं जुनं. जखम भरेना, आणि आता अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. दवाखान्यातली नर्स केसाया हिने निक्षून सांगितलं होतं की शुक्रवारच्या बोटीने नेयाफूच्या मोठ्या इस्पितळात जायचंच. सेलाने हो म्हटलं होतं. कपड्यांचं गाठोडंही बांधून ठेवलं होतं.

अर्धं कापड झालं असेल. घासता घासता लोसालिनेच्या तळहाताखाली काहीतरी सरकलं. तेवढा भाग पुरा होऊन कापड पुढे ओढलं गेलं, तेव्हा तिने वाकून पाहिलं. तीन टाके तुटले होते. दोन हीर ठशातून निसटून एक उभा आणि त्यावर दुसरा आडवा असे पडले होते, आणि उभा हीर खालच्या बाजूला चिरून त्याच्या दोन फाटी झाल्या होत्या. तिने इकडे तिकडे पाहिलं. सगळ्या रंगाचं भांडं कुणी सांडलं यावर भांडत होत्या. तिने ते हीर उचलले, कंबरेला गुंडाळलेल्या चटईत खोचले आणि पुढचा ठसा सरकवून घासायला लागली. कानशिलं तापली होती. पण कुणी पाहिलं नव्हतं.

दुपारी कापड वाळवायला अंगणात नेलं. चौघी चार टोकं धरून उभ्या होत्या, एवढ्यात मेलेनाइटे आजी ओरडली, "थांबा! हलवू नका. अगं बायांनो, हा कोण उभा आहे?"

फुलांच्या माळेच्या मधोमध एक माणूस उभा होता. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, मान किंचित कललेली, दोन पाय. काथ्याची गाठ उमटली होती तिथे डोकं. उजव्या पायाच्या जागी खळीची गुठळी राहून रंग साचला होता, म्हणून ते पाऊल काळंकुट्ट.

कुणीतरी गुडघे टेकले. मग सगळ्यांनीच टेकले. पाळकांच्या बायकोने भजन धरलं, ते पहिल्याच ओळीत हुंदक्यांत बुडालं. लोसालिने एकटी उभी होती. तिने सांगायला तोंड उघडलं. शपथेवर सांगायचं तर उघडलं होतं. तेवढ्यात सेला खुर्चीतून वळली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"लोसा, हा भाग तुझ्या हाताखालचा ना?"

"हो, वन्सं."

"आईचे ठसे योग्य हातात पडले म्हणायचे."

लोसालिनेने तोंड मिटलं.

संध्याकाळी चूल पेटवताना तिने ते दोन हीर आत टाकले. ते चुरचुरले आणि झालं. मग ती स्वतःशी वाद घालत बसली. देवाला काय हीर वर्ज्य आहेत? मातीतून माणूस घडवणाऱ्याने हिरांतून खूण दाखवली तर त्यात खोटं काय? आपले टाके तुटले, पण ते तसेच तुटावेत ही इच्छा कुणाची? हा विचार तिला इतका आवडला की जेवताना तिने रताळ्याचा एक तुकडा जास्त घेतला. तरी झोपताना प्रार्थनेला बसली तेव्हा तिला हात जोडवेनात. पातेलं घासायचं राहिलंय असं सांगून ती उठून गेली.

बुधवारी कापड व्यासपीठामागे लागलं. रिवाजाप्रमाणे त्यावर काळ्या रंगाने हाताने रेघा काढायच्या होत्या. त्या माणसाला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. शेजारच्या गावांतून माणसं चालत येऊ लागली. कुणी कापडाखाली खोबरेल ठेवलं, कुणी आजारी मुलाचा सदरा. पाळक फेलेती तरुण, कॉलेजातून नवीन आलेले. ते दाराशी उभे राहून हात चोळत होते. खूण मागणारी पिढी दुष्ट, हे प्रभूचं वचन त्यांना पाठ होतं. पण त्यांच्या चर्चमध्ये आजवर एवढी माणसं कधी आली नव्हती.

लोसालिनेला वाटेत बायका थांबवत आणि तिचे हात हातात घेत. एकीने तर तिचा तळवा आपल्या पोटाला लावून घेतला.

गुरुवारी केसाया सेलाच्या घरी मलमपट्टी करायला आली. लोसालिने पाण्याचं भांडं धरून बसली होती.

"आत्या, उद्या सकाळी आठला धक्क्यावर. मी पत्र लिहून ठेवलंय डॉक्टरांना."

"मी येत नाही," सेला म्हणाली.

"म्हणजे?"

"तू बघितलंस ना त्याचं पाऊल? उजवं. काळं. माझं दुखणं त्यानं स्वतःच्या पायावर घेतलंय. आता मी इस्पितळात जाऊन पाय दाखवू? त्याच्या तोंडावर सांगू की तुझ्यावर विश्वास नाही?"

"आत्या, बोट काळं आहे ते अजून काळंच आहे."

"केसाया, तुझी गोळी मोठी की माझा प्रभू मोठा, ते तूच सांग."

"मोठा प्रभूच. पण मला या नोकरीवर त्यानंच ठेवलंय. मी काय बसून माशा मारू?"

"जीभ बघ हिची! तुझी आजी पण अशीच होती. तिला कुणी नवरा दिला हेच नवल."

केसाया हसली नाही. पट्टी बांधून झाली तशी ती लोसालिनेकडे वळली. "काकू, तुम्ही सांगा. कापड तुमच्या हातचं. तुमचं ऐकतील त्या."

भांड्यातलं पाणी हललं. लोसालिने खाली बघत म्हणाली, "मी काय सांगणार? त्या मोठ्या."

सेलाने तिच्या पाठीवर हात ठेवला. "बघ. माझ्या भावजयीला कळतं, आणि तू शिकलेली."

एकोणीस वर्षांत नणंदेचा हात पाठीवर पडला तो हा पहिला. लोसालिनेला तो हवाहवासा वाटला. पुढे आयुष्यभर तिला ज्याची लाज वाटली, ते हेच. भीती वाटून ती गप्प बसली असती तर एक वेळ समजून घेता आलं असतं. तिला तो हात हवा होता, म्हणून ती गप्प बसली.

शुक्रवारी सकाळी सातेकी कुदळ घेऊन दारात उभा राहिला. शेतावर जायची वेळ टळून गेली होती.

"ती जात नाही म्हणे."

"नाही म्हणतात."

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "बहिणीच्या पायाबद्दल मी कसं बोलू? तू बोल."

"बोलते."

"आत्ता बोल. बोट लागली असेल."

"बोलते म्हटलं ना!"

ती परसातून नणंदेच्या दारापर्यंत गेली. आत सेला भजन गुणगुणत होती. लोसालिने दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. सांगायचं वाक्य तिने तयार केलं होतं. टाके मी कोरड्या पाटीवर मारले, वन्सं. एवढंच. सहा शब्दांचं वाक्य. त्या दारात उभं राहून तिने बोटीचा भोंगा ऐकला. एकदा, मग दुसऱ्यांदा. मग इंजिनाचा आवाज लांब लांब गेला. ती परत आली आणि सातेकीला म्हणाली, "ऐकत नाहीत त्या."

पुढची बोट मंगळवारी होती.

रविवारी चर्च भरून बाहेर माणसं उभी होती. सेलाला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं आणि पहिल्या ओळीत, कापडासमोर ठेवलं. शेजारी लोसालिनेची जागा. पाळक फेलेतींनी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं, "आमच्या भगिनी लोसालिनेच्या विनम्र हातांबद्दल" आभार मानले. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

तेव्हा तिला वास आला. सेलाने अंगाला सुगंधी खोबरेल चोपडलं होतं, गळ्यात फुलांची माळ होती. त्या सगळ्याच्या खालून तो वास येत होता. भरतीच्या रेघेवर मेलेला मासा उन्हात पडलेला असावा, तसा. सेलाचा चेहरा तापाने लाल झाला होता आणि ती कापडाकडे बघून हसत होती. लग्नाच्या दिवशी मुली हसतात तशी.

लोसालिनेने तिथेच उठायला हवं होतं. सगळं गाव समोर होतं. ती उठली नाही. भजनं संपली, घरोघर जमिनीतल्या भट्ट्या उघडल्या, आळूच्या पानांतलं मांस वाफाळत बाहेर आलं. ती जेवलीसुद्धा.

सोमवारी सकाळी ती पाळकांच्या घरी गेली. ते ओसरीवर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी सगळं ऐकलं. मग टॉवेलने तोंड पुसलं.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "म्हणजे काड्या वगैरे नाही. पण काहीतरी असणार असं वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

एक डुकरीण पिलं घेऊन ओसरीखालून गेली.

"मला सांगून काही होणार नाही," ते शेवटी म्हणाले. "सेलाला सांगा. मी येतो बरोबर. मलाही तिथं उभं राहायला हवं."

सेलाच्या घरी बायका जमल्याच होत्या. ताप वाढला म्हणून प्रार्थना चालली होती. केसाया कोपऱ्यात बसून ओल्या फडक्याने सेलाचं कपाळ पुसत होती. लोसालिने दारातच जमिनीवर बसली आणि बोलली. शिवण उसवली होती, कोरड्या पाटीवर टाके मारले, दोन हीर निसटले, ते मी लपवले, चुलीत घातले. तो माणूस त्या हिरांचा आहे. काळं पाऊल खळीच्या गुठळीचं आहे.

कुणी रागावलं नाही. हेच वाईट झालं.

"बाई गं, किती नम्र आहे ही!" पाळकांची बायको म्हणाली.

"सैतान तोंडात शब्द घालतो," मेलेनाइटे आजी म्हणाली. "मोठी कृपा झाली की तो माणसाला कुरतडायला लागतो. लोसा, पाणी पी. उन्हातून आलीस."

"आजी, मी खरं सांगतेय."

"हीर कुठं आहेत ते? दाखव."

"जाळले म्हटलं ना."

"बघा. पुरावा म्हणून काही नाही," आजी बाकीच्यांना म्हणाली. "कापड मात्र चर्चमध्ये आहे."

उशीवरून सेला बघत होती. ती हसली. "उगाच मन खाऊ नकोस, लोसा. तुझ्या हातून झालं म्हणून ते तुझं होत नाही."

मग लोसालिने उठली. परसात उभ्या केलेल्या खराट्यातून तिने दोन हीर ओढले. आपल्या घरातून सालीचा एक तुकडा आणला, रंगाचं भांडं आणलं, सकाळच्या उकडलेल्या कसाव्याचा घास आणला. सेलाच्या अंथरुणाशेजारी, उपड्या घातलेल्या परातीच्या पाठीवर तिने एक हीर उभा ठेवला, खालून नखाने चिरला. दुसरा आडवा. वर काथ्याची गाठ. उजव्या फाटीखाली कसाव्याची गुठळी. वरून साल पसरली आणि बोळा रंगात बुडवून घासायला लागली. हात सरावलेला होता.

आधी हात उमटले. मग धड. मग कललेली मान. शेवटी काळं पाऊल.

बाहेर कुणाच्या तरी घरी साल बडवत होते. पाळक फेलेती दारात मान खाली घालून उभे होते. मेलेनाइटे आजीने तो तुकडा उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"म्हणजे मी खराट्यापुढे गुडघे टेकले," ती हळूच म्हणाली. थट्टा नव्हती त्यात. तुकडा खाली ठेवून ती उठली आणि कुणाकडे न बघता घरी गेली.

"पुन्हा कर," सेला म्हणाली.

"वन्सं…"

"पुन्हा कर म्हणते ना."

लोसालिनेने दुसरा तुकडा घेतला. पुन्हा तोच माणूस उमटला. या वेळी मान दुसरीकडे कलली होती, एवढंच. सेला ते दोन्ही तुकडे चादरीवर शेजारी ठेवून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं ते लग्नातलं हसू कसं गेलं, हे लोसालिनेने डोळ्यांनी पाहिलं. विझत जाणाऱ्या निखाऱ्यासारखं आधी कडांनी, मग मधून.

"मंगळवारी मला खूण हवी होती," सेला म्हणाली. "मी मागितली होती. इस्पितळात जायला मी घाबरत होते. कुणाला बोलले नाही, पण घाबरत होते. म्हणून मला ती दिसली." मग ती भावजयीकडे वळली. "मी मूर्ख, ते ठीक आहे. पण शुक्रवारी तुला हे हात नव्हते का?"

लोसालिने परातीवरचा रंग पुसू लागली.

मंगळवारच्या बोटीने ती नणंदेबरोबर गेली. वाटभर सेलाचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि सेला तिच्याशी एक शब्द बोलली नाही. नेयाफूच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून काढला. शुक्रवारी आणलं असतं तर बोटावर निभावलं असतं का, असं लोसालिनेने विचारलं. डॉक्टर म्हणाले, कदाचित बोटावर, कदाचित पाऊल गेलं असतं, आता कशाला विचारता? पुढची कितीतरी वर्षं ती त्या 'कदाचित'ची दोन टोकं धरून बसली.

गावात बायकांनी कापडाचा तेवढा भाग कापून दुसरा जोडला. हे काम लोसालिनेशिवाय झालं. ठशांचं गाठोडं तिने स्वतःच पाळकांच्या बायकोकडे पोचवलं. रविवारची गर्दी ओसरली. पाळक फेलेतींनी खूण मागण्याबद्दल प्रवचन केलं ते लहानसं होतं, आणि अर्ध्यातच त्यांचा आवाज बसला.

सात आठवड्यांनी सेला परत आली. तिला घरात पोचवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लोसालिनेने पेटीतून सगळ्यांत जुनी, फाटकी चटई काढून कंबरेला गुंडाळली. ईफीच्या झाडाची पानं तोडून माळ केली आणि गळ्यात घातली. ज्याचा अपराध केला त्याच्या अंगणात असं जाऊन बसायचं, मान खाली घालून, काही न बोलता. त्याने येऊन आपल्या हाताने माळ काढली तर माफी. नाही काढली तर बसून राहायचं.

"थोडं थांब," सातेकी म्हणाला होता. "तिला जरा चालता येऊ दे."

ती थांबली नाही. सात आठवडे उरावर घेतलेलं तिला आता एक दिवसही पेलत नव्हतं.

ती जाऊन अंगणात बसली. सेला पडवीत खुर्चीवर होती. ऊन चढत होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थबकल्या आणि कुंपणाशी उभ्या राहिल्या. बराच वेळ गेला.

"लोसा," पडवीतून आवाज आला. "अक्कल कुठं ठेवून आलीस? आता मला उठावं लागणार."

तेव्हा लोसालिनेच्या लक्षात आलं. माळ काढायला दुसरं कुणी चालत नाही. अपराध ज्याचा झाला त्यानेच यायचं, स्वतःच्या पायांनी. आणि आता आपण उठून पडवीत जावं, तर माफी मागितली नाही असं होतं. तो आणखी मोठा अपमान. गावाच्या डोळ्यांसमोर तिने नणंदेला एका पायावर उठायला लावलं होतं, आणि तेही स्वतःचं ओझं उतरवायला. तिला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मान वर करायची नव्हती. ती तशीच बसली.

खुर्ची करकरली. कुबडी लाकडावर टेकल्याचा आवाज झाला. कुणीतरी कुंपणाजवळून म्हणालं, "आत्या, थांबा, धरते," तो केसायाचा आवाज होता. सेला म्हणाली, "कुणी हात लावायचा नाही." तीन पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीला श्वास ओढल्याचा आवाज आला, आणि मधल्या पायरीवर एक शिवी. मग मातीवर कुबडी, पाऊल, कुबडी, पाऊल. खाली घातलेल्या मानेतून लोसालिनेला तेवढंच दिसत होतं, जवळ येताना. एक पाऊल आणि त्याच्या शेजारी मोकळी जागा.

सेला समोर येऊन उभी राहिली. तोल सांभाळायला तिने एक हात भावजयीच्या डोक्यावर दाबून धरला, जोरात, सगळा भार टाकून. आखडलेल्या बोटांनी दुसऱ्या हाताने ती माळ ओढत राहिली. पानं एक एक करून फाटली आणि मांडीवर पडली.

"झालं," ती म्हणाली. धापा टाकत होती. "ऊठ."

लोसालिनेला उठवेना.

"ऊठ म्हणते ना. मला परत जायचंय, आणि पायऱ्या चढायला मला अजून कुणी शिकवलेलं नाही."

लोसालिने उठली. नणंदेचा हात तिने आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघी पडवीकडे निघाल्या. कुंपणाशी सगळ्या बघत होत्या. पहिल्या पायरीशी सेला थांबली, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माळ काढली ती काढली. पण शुक्रवारचं मी विसरणार नाही. तूही विसरू नकोस."

"नाही, वन्सं," लोसालिने म्हणाली, आणि तिने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.